झोपेचा हप्ता

मोरजीत समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर असलेला माणूस रात्री साडेअकराला कानात बोंडं खुपसून मोबाईलवर समुद्राच्या लाटा ऐकतो. लाटा पॅसिफिक महासागराच्या असतात. महिन्याचे पैसे भरले की रात्रभर अखंड येतात. घरच्या लाटा फुकट आहेत, पण त्या आणि त्याची खिडकी यांच्यामध्ये आता एक क्लब उभा राहिलाय. त्या क्लबातून जे बाहेर पडतं त्याने कपाटातले पेले एकमेकांना ओळख देऊ लागतात. अरबी समुद्र आपल्या जागीच आहे, भरती-ओहोटी वेळेवर करतो, पण त्याचा आवाज बाहेरून मागवावा लागतो. भाजी जशी बेळगावहून येते, तशा लाटा कॅलिफोर्नियाहून.

गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत सध्या झोपेच्या ॲपचं पीक चांगलं आलंय. पद्धत सोपी. फोन गादीवर उशाजवळ ठेवायचा. तुम्ही किती वेळा कूस बदलली ते त्याच्यातला सेन्सर मोजतो, घोरणं मायक्रोफोन ऐकतो, आणि सकाळी तुमच्या झोपेला शंभरपैकी गुण मिळतात. खरी झोप मोजायची तर डोक्याला तारा चिकटवून मेंदूच्या लहरी बघाव्या लागतात. फोन त्या बघू शकत नाही, तो अंदाज करतो. पण अंदाज आलेखात काढून रंगवला की त्याला निदानाचं तेज चढतं.

डिचोलीतल्या एका निवृत्त मास्तरांनी आयुष्यभर दुसऱ्यांना गुण दिले. आता फोन त्यांना गुण देतो, आणि बहुतेक वेळा एकसष्टच्या वर जात नाही. सकाळी उठतात ते ताजेतवाने; मग चष्मा लावून गुण बघतात आणि खाटेवर परत बसतात. ‘गाढ झोप फक्त बावन्न मिनिटं,’ असं पडलेल्या आवाजात जाहीर करतात. बायको आतून विचारते, ‘अहो, झोपला होता ना तुम्ही? मग त्याला कशाला विचारता?’ यावर मास्तरांकडे उत्तर नाही. एकाच गादीवर दोघं झोपत असल्यामुळे तिच्या कुशी आपल्या खात्यात जमा होतात असा त्यांना दाट संशय आहे, आणि फेरतपासणीसाठी अर्ज कुठे करायचा याची चौकशी चालू आहे. गंमत म्हणजे या दुखण्याला वैद्यकातही जागा मिळालीय. झोपेच्या गुणांची काळजी करकरून झोप घालवून बसलेल्या रुग्णांची अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१७ साली रीतसर नोंद केली. त्या रुग्णांचाही आपल्या शरीरापेक्षा यंत्रावर जास्त विश्वास होता. मास्तर एकटे नाहीत, एवढं तरी समाधान.

मास्तरांनी निदान पैसे भरलेत. फुकटातल्या ॲपवाल्यांचे हाल याहून वाईट. एक बाई मधाळ आवाजात सांगते, ‘आता पायाची बोटं सैल सोडा... आता घोटे... आता गुडघे...’ आणि गुडघ्यापाशी येते न येते तोच पाच मिनिटांत पाच लाखांचं कर्ज देणारा एक तरुण कानात ओरडतो. जाहिरात संपली की बाई पुन्हा मांड्यांपासून सुरुवात करते. तोवर कमरेखालचा माणूस झोपलेला आणि वरचा व्याजाचा दर काढत बसलेला. शिवाय, साडेनऊला झोपी गेलेल्या माणसाला ठीक दहा वाजता घंटी वाजवून ‘झोपायची वेळ झाली!’ असं सांगणारं ॲप हा तर विज्ञानाचा कळसच म्हणायचा. पावसाळ्यात लाईट गेली, टॉवरही गेला, की पडद्यावर अक्षरं उमटतात: पावसाचा आवाज ऐकण्यासाठी इंटरनेट तपासा. बाहेर पत्र्यावर पाऊस कोसळत असतो.

या धंद्याची उलाढाल थट्टेवारी नेण्याजोगी नाही. हेडस्पेस हे ॲप २०१० साली निघालं, काढणाऱ्यांतला एक जण पूर्वाश्रमीचा बौद्ध भिक्षू. ‘काम’ (Calm) हे दुसरं ॲप २०१२ साली निघालं, आणि सात वर्षांत गुंतवणूकदारांनी त्याची किंमत शंभर कोटी डॉलर ठरवली. या कंपनीने मोठ्यांसाठी झोपेच्या गोष्टी काढल्या. त्यातली एक स्टीफन फ्रायसारख्या नामांकित नटाच्या आवाजात आहे, फ्रान्समधल्या लव्हेंडरच्या मळ्यांची. पेडण्याच्या माणसाने लव्हेंडर पाहिलंय ते फिनेलच्या बाटलीवर. डोळे मिटून तो मळा आठवू लागला तर त्याला पुसलेली फरशी दिसते. आणि याच सुमारास, २०१७ साली, नेटफ्लिक्सच्या प्रमुखांनी आपली खरी स्पर्धा लोकांच्या झोपेशी आहे असं सांगून टाकलं. एक कंपनी झोप नेते, दुसरी झोप विकते, दोघी एकाच फोनमध्ये शेजारी नांदतात आणि हप्ता एकाच कार्डावरून कापून घेतात.

खरं म्हणजे हा धंदा आपलाच. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला आबे फारिया १८१३ मध्ये पॅरिसमध्ये लोकांना जाहीरपणे झोपवून दाखवत होता, आणि तेही तिकीट लावून. समोर बसवायचं, शांत करायचं आणि एकदम ‘झोपा!’ म्हणून आज्ञा करायची. ना लव्हेंडर, ना लाटा. पण या गृहस्थाने एक घोटाळा केला. माझ्या अंगात कसलीही दिव्य शक्ती नाही, जे काही घडतं ते झोपणाऱ्याच्या आत घडतं, असं तो स्वतःच लोकांना सांगत सुटला. १८१९ साली त्यावर ग्रंथ लिहिला आणि त्याच वर्षी वारला. गिऱ्हाईकाला ‘माल तुझ्याकडेच आहे’ म्हणून सांगणारा दुकानदार दुसरं काय करणार? पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला त्याचा पुतळा आहे, एका बाईवर हात पसरून उभा. त्याच्या समोरून रोज संध्याकाळी कॅसिनोची गिऱ्हाइकं मांडवीकडे जातात, रात्रभर जागायला.

पण मुळात पेडण्याची झोप गेली कुठे, हे कुठलंच ॲप विचारत नाही. ते विचारतं, आज मनःस्थिती कशी आहे, पाचांपैकी एक चेहरा निवडा. आज चहा-कॉफी किती घेतली. कोणाबद्दल कृतज्ञता वाटते. मोपा कुठे आहे, हा प्रश्न त्या यादीत नाही.

११ डिसेंबर २०२२ हा दिवस पेडणेकरांनी भिंतीवर लिहून ठेवावा. त्या एकाच दिवशी पंतप्रधानांच्या हस्ते मोपाच्या पठारावरच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि धारगळच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचंही. आयुर्वेद आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन खांब मानतो. पेडणे तालुक्यात येणाऱ्या पर्यटकांच्या मानाने तिसऱ्या खांबाबद्दल बोलायला नको, पहिला शॅकवाल्यांच्या ताब्यात आहे, आणि मधल्याची जबाबदारी ५ जानेवारी २०२३ पासून विमानांनी घेतली. विमानतळ चोवीस तास चालतो. वारखंड, नागझर, उगवें, चांदेल इथल्या माणसाला आता रात्री वेळ बघायला घड्याळ लागत नसावं. तालुक्याला रोग आणि औषध एकाच फितीत कापून मिळालं, असा योग विरळा.

पुढे डिसेंबर २०२४ मध्ये सनबर्न नावाचा संगीताचा उत्सव त्याच धारगळात आला, २८ ते ३० तारखांना. गावात विरोध झाला, समर्थनही झालं, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि उत्सव झाला. आता कायद्याचं म्हणाल तर तो निद्रिस्ताच्या बाजूने आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. ४५ डेसिबल म्हणजे घरातल्या घरात हळू आवाजात बोलणं; आमच्याकडे मासळी सोलतानाही ती ओलांडली जाते. त्याच नियमांत सरकारला वर्षातल्या पंधरा दिवसांपर्यंत रात्री बारापर्यंत सूट देता येते, सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी. संस्कृती किती वॅटची, ते नियमात लिहिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयानेही रामलीला मैदानाच्या निकालात, २०१२ मध्ये, झोप हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग धरला. हक्क दिल्लीत मिळाला, आता तो किनाऱ्यावर पोचवायचा तेवढा राहिलाय. तक्रार केली की पोलीस येतात, आवाज उतरतो. पोलीस जातात, आवाज चढतो. दूरध्वनीवरून आवाज कमी-जास्त करण्याची ही सोय अजून कुठल्या ॲपला जमलेली नाही.

मोरजीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, त्यांनाही अंधार आणि शांतता लागते. तिथल्या रात्रीच्या आवाजाची दखल न्यायालयाने कासवांमुळेही घेतली. माणसांनी यातून काय तो बोध घ्यावा: कवच असलं तर लवकर सुनावणी होते.

डिचोलीचं दुखणं निराळं आणि जास्त जुनं. खाणी चालू होत्या तेव्हा खनिजाच्या ट्रकांच्या रांगा, धूळ, खिडक्या बंद, खोकला. झोप नव्हती. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. रस्ता शांत झाला, आणि दारात उभ्या असलेल्या ट्रककडे बघत त्याचा मालक रात्रभर जागू लागला, कारण ट्रक थांबला तरी बँकेचा हप्ता चालत होता. पुढे खाणी थोड्या चालू झाल्या, तर फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळं बंद. मग लिलाव झाले, २०२४ मध्ये डिचोलीचा पट्टा सुरू झाला, आणि ट्रकांबरोबर रस्त्यालगतच्या गावांची जुनी चिंता परत आली. म्हणजे खाण चालू असताना एकाची झोप जाते, बंद असताना दुसऱ्याची. कित्येक घरांत दोघंही एकच. अशा माणसाच्या हातात फोन देऊन ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हणून सांगायचं? श्वास तरी कुठला घ्यावा त्याने, तोही धुळीचा.

यावर कोणी म्हणेल, पूर्वी तुम्ही तरी कुठे झोपत होता? मान्य. साळच्या गडे उत्सवाच्या तीन रात्री अख्खी डिचोली जागते. कोजागिरीला पेडण्याची पुनव असते. रवळनाथ-भूतनाथाच्या उत्सवाला अंगात भुतं असलेली माणसं दूरदूरहून येतात, आणि तिथे झोपायची सोय भुतालाही नसते. जत्रेत दशावतार उभा राहिला की राक्षस मरेपर्यंत उजाडतं. आवाजही काही ४५ डेसिबलचा नसतो. हल्ली तर देवालाही माईक लागतो, आणि क्लबच्या नावाने खडे फोडणारे आम्ही त्याबद्दल तोंड उघडत नाही. पण त्या रात्री सगळा गाव जागा असायचा आणि दुसऱ्या दिवशी सगळा गाव झोपायचा. दहावीचा मुलगा अभ्यास करत बसलाय, म्हातारी कण्हतेय आणि शेजारी दिल्लीचा कुणी नाचतोय, अशी विभागणी नव्हती. शिवाय दुपार होती. एक वाजता दुकानाची फळी पडायची ती साडेतीन-चारला उघडायची. मध्ये गिऱ्हाईक आलं तर गुन्हेगार ते ठरायचं. शीतकढीवर लवंडलेल्या माणसाला कोणी गुण दिले नाहीत. आता दुपारी उघडी राहणारी दुकानं वाढली, आणि त्यांच्या गल्ल्यावर बसलेला पोरगा जांभई देत फोनवर ‘पॉवर नॅप’चा व्हिडिओ बघतो.

झोपेवर गोव्यात खरोखर काही चाललं असेल तर त्याची गोष्ट फार बेचव आहे. साठीच्या पुढची, मन उतरू लागलेली पण अजून आजारी न पडलेली १८१ माणसं संशोधकांनी इथल्या ग्रामीण आणि शहरी प्राथमिक आरोग्यकेंद्रांतून निवडली. ‘संगाथ’ ही १९९६ पासून इथे काम करणारी संस्था त्यात होती. निम्म्यांकडे शिकवून तयार केलेले साधे समुपदेशक जात. ते डॉक्टर नव्हते. अडचणी एकेक करून कशा सोडवायच्या ते बसून बोलत, मधुमेहासारख्या दुखण्यांत स्वतःची काळजी कशी घ्यायची ते सांगत, आणि झोपेचे चार नियम देत: झोप आल्याशिवाय आडवं व्हायचं नाही, झोप लागत नसेल तर खाटेवरून उठायचं, रोज एकाच वेळी उठायचं, आणि लोळण्याचे तास कमी करायचे. वर्षभरानंतर समुपदेशन मिळालेल्या ९१ जणांपैकी चौघांना नैराश्याने गाठलं, नेहमीचेच उपचार मिळालेल्या ९० जणांपैकी तेरा जणांना. ‘जामा सायकियाट्री’त २०१९ मध्ये हे छापून आलं. पण घरी येऊन चहा पिणाऱ्या माणसाची किंमत शंभर कोटी डॉलर कोण ठरवणार? त्याला जाहिरातही लावता येत नाही, आणि तो साडेनऊला झोपलेल्याला दहाला उठवत नाही.

तेव्हा सरकार यातून मधला मार्ग काढील असं आमचं भाकीत आहे: ‘सुखनिद्रा गोवा’ नावाचं ॲप. निविदा निघेल, बोधचिन्ह म्हणून जांभई देणारं कासव निवडलं जाईल, आणि लोकार्पण पेडण्यातल्या मैदानात रात्री आठला जाहीर होऊन प्रमुख पाहुणे साडेदहाला पोचतील. भाषणं ध्वनिक्षेपकावरून होतील. त्यासाठीची सूट पंधरा दिवसांतून वळती करून घेतली जाईल, कारण कार्यक्रम सांस्कृतिक असेल. आवाजाची तक्रार ॲपवरच करता येईल, सोमवार ते शुक्रवार, कार्यालयीन वेळेत.

तोवर ज्यांना खरोखरच झोप येत नाही, मनावर भार आहे, त्यांच्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानसची सोय केलीय. १४४१६ फिरवा. फुकट आहे, चोवीस तास आहे, आणि पलीकडून माणूस बोलतो. पेडण्यातून फोन करणाऱ्यांनी डिसेंबरात तेवढं जरा मोठ्याने बोलावं.