स्वस्त घराची खरी जाहिरात

वर्तमानपत्रात घरांच्या जाहिराती दोन तऱ्हेच्या येतात. पहिल्या पानावर बिल्डरची रंगीत: हिरवळ, तलाव, तलावाकाठी योगासनं करणारी बाई, आणि पाच मिनिटांवर स्टेशन (हे अंतर बहुधा हेलिकॉप्टरने मोजतात). आतल्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, बँकेची ई-लिलावाची नोटीस. या दोघींत विश्वास ठेवावा तो दुसरीवर, असं माझं ठाम मत आहे. मालमत्ता ‘जसे आहे, जेथे आहे, जे काही आहे’ या तत्त्वावर मिळेल, हे ती सुरुवातीलाच बजावते. पुढे सांगते की थकबाकी निघाली तर ती तुमची, कागदपत्रांची चौकशी तुमची आणि ताबा ‘सांकेतिक’. म्हणजे बँकेने दाराला नोटीस डकवली आहे; दाराआड कर्जदाराचं कुटुंब आणि कुकरच्या शिट्ट्या पूर्ववत चालू आहेत. इतकं खरं तर स्थळ सांगून आलेल्या मुलाविषयी त्याची सख्खी आत्याही सांगत नाही.

तरी लोक विचारतात, बाजारभावापेक्षा कमी राखीव किंमत म्हणजे घबाड नव्हे का? नव्हे, ती मजुरी आहे, आणि कामाची यादी नोटिशीतच दिलेली असते. बँकेला हा लिलाव करू देणारा सरफेसी कायदा 2002 चा. त्याखालच्या नियमांनुसार बोली जिंकणाऱ्याने त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी, अनामतीसह पंचवीस टक्के भरायचे आणि उरलेले पंचाहत्तर टक्के विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. मुदत लेखी वाढवून मिळाली, तरी एकूण तीन महिन्यांपलीकडे नाही. चुकलात तर भरलेले पैसे जप्त. स्कूटरच्या कर्जासाठी तीन महिन्यांच्या पगारपत्रकांवर सह्या मागणारी बँक इथे एकदम घाईला येते. मग सोसायटीची थकबाकी. मग वीज: वीजपुरवठ्याच्या नियमांत तशी तरतूद असेल, तर आधीच्या मालकाचं थकलेलं बिल नव्या मालकाकडून वसूल करता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केलं. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक सरफेसीच्या कलम 14 खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. कायद्यात त्यासाठी 30 दिवस आहेत, कारणं नोंदवून 60. पण ही मुदत सक्तीची नाही असं न्यायालयानेच म्हटल्यामुळे, अर्जाच्या फायलीला तेवढ्यात सरकारी नोकरी लागते. कर्जवसुली न्यायाधिकरणात कर्जदार गेला, तर तारखांचा हिशेब निराळाच.

यावर कुणी म्हणेल, हा खरेपणा बँकेचा नव्हे, तिच्या वकिलांचा. असेना. वकील बिल्डरकडेही असतात, पण त्यांचा खरेपणा करारनाम्याच्या शेवटच्या पानांत राहायला जातो. दुसरा आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांचा, आणि तो जास्त वजनदार: दुसऱ्याच्या तळतळाटाचं घर लाभत नाही. लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली, की थकबाकी भरून घर सोडवून घेण्याचा कर्जदाराचा हक्क संपतो, असा 2023 चाच निकाल आहे. तेव्हा तळतळाटाला कारण आहेच. पण कायद्याने त्यावर उतारा ठेवला आहे. बँकेचं येणं आणि खर्च वळते करून उरलेली रक्कम, दुसऱ्या कुणाचा तिच्यावर हक्क नसेल तर, कर्जदाराला परत जाते. म्हणजे बोली जितकी चढी, तितका तळतळाट कमी. प्रत्यक्षात मात्र शापाला भिणारा माणूस राखीव किमतीवर किमान वाढीचा एकच टप्पा चढतो, आणि वास्तुशांतीला दोन गुरुजी जास्त बोलावतो.