नोटीस लावली, वारसा वाचला

गावाचा इतिहास लिहायला बसलं की आपले लेखक किल्ल्याच्या बुरुजावर चढतात आणि थेट शेवटच्या संस्थानिकाच्या तैलचित्रापाशी उतरतात. मधे बाजारपेठ लागते, तिच्याकडे त्यांचं लक्ष जात नाही. तिथं ज्यांनी दुकानं मांडली, दिवाळं काढलं, पुन्हा मांडली, भावाशी भांडून दुकानाच्या मधोमध भिंत घातली, त्यांचा इतिहास घरपट्टीच्या रजिस्टरात असतो. आणि ते रजिस्टर आजवर फक्त वाळवीनं मन लावून वाचलेलं असतं.

मिरजेचंच बघा. भुईकोट किल्ला आहे. आदिलशाही झाली, मोगलाई झाली, १७३९ मध्ये सातारच्या शाहू महाराजांनी मिरज घेतली, पुढं ती पटवर्धनांकडं आली. एवढ्यावर शाळेतला धडा संपतो आणि खाली ‘रिकाम्या जागा भरा’ सुरू होतं. पण मिरजेचं नाव मुलखात झालं ते किल्ल्यापायी नव्हे. ते झालं तंबोऱ्यापायी आणि ऑपरेशनपायी. हे दोन्ही धंदे पेठेत वाढले. आणि त्यांतला एकही कुठल्या राजानं, कलेक्टरनं किंवा सल्लागार कंपनीनं आराखडा काढून आणलेला नाही.

पहिला धंदा तर चक्क मंदीतून आला. मिरजेत शिकलगार होते. तलवारी, भाले, कट्यारी घासूनपुसून धार लावणारे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि कंपनी सरकारच्या राज्यात लढाया बंद झाल्या. शांतता सगळ्यांना हवी असते, फक्त धार लावणाऱ्याची चूल तिच्यात विझते. आज असं झालं असतं तर काय झालं असतं? आधी मोर्चा, मग पॅकेज, मग ‘शिकलगार विकास महामंडळ’, त्यावर कुणाची तरी अध्यक्ष म्हणून वर्णी आणि अध्यक्षांना सरकारी गाडी. तेव्हा यातलं काहीच उपलब्ध नव्हतं. म्हणून १८५० च्या सुमारास फरीदसाहेब आणि मोहिद्दीन या शिकलगार भावांनी दुसरं काम हाती घेतलं. संस्थानात गवई यायचे, त्यांची वाद्यं मोडायची. ती दुरुस्त करता करता त्यांनी नवी घडवायला घेतली. लोखंडावर बसलेला हात लाकडावर बसला. पुढं आडनावसुद्धा सतारमेकर झालं आणि गल्लीलाही तेच नाव पडलं. पाटी बदलायला ठराव लागला नाही.

या गल्लीत जाऊन कधी काम बघावं. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. कडू असतो, त्यामुळे भाजीला कुणी पळवत नाही. मोठ्या घेराचा, जाड सालीचा, शेतात वेलावर नीट बसवून वाढवलेला. तो वाळवतात, कापतात, पाण्यात भिजवून आतला गर काढतात आणि पुन्हा वाळवतात. मग गळा, दांडी, खुंट्या, नक्षी. इतकं झालं तरी ते अजून वाद्य नसतं. वाद्य होतं ते जवारी लागली की. कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, कान देतो, पुन्हा केसभर घासतो. मग घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवतो. धागा गव्हाएवढा पुढं गेला की तार मुकी, मागं गेला की तीच मुकी. मधे कुठंतरी एक जागा असते, तिथं तो आला की तार उघडते आणि खोली भरून जाते. ती जागा कुठं आहे याला मोजमाप नाही, ते कानावर असतं. ज्याला ही जागा सापडते त्याला आपण ‘असंघटित क्षेत्रातील कामगार’ म्हणतो. जो त्याच्यावर अहवाल लिहितो त्याला तज्ज्ञ म्हणतो.

दुसऱ्या धंद्याची गोष्ट अशी की मिरजेला लोक बरे व्हायला यायचे आणि भलतंच होऊन बसायचे. कुरुंदवाडचा एक मुलगा फटाक्यानं डोळे भाजले म्हणून मिरजेला आणला. डॉ. भडभडे यांनी उपचार केले. दृष्टी पुरती परतेना, तेव्हा त्याला गाणं शिकवा असा सल्ला त्यांनी दिला. मुलगा तिथंच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं राहून शिकला, १८९६ मध्ये बाहेर पडला आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून बसला. विष्णु दिगंबर पलुस्कर ते हेच. आपल्या घरात कुणी ना कुणी ‘प्रवेशिका पूर्ण’ झालेलं असतं आणि पाहुणे आले की त्याला भूप म्हणायला लावतात, त्या छळाचं मूळ मिरजेच्या एका डोळ्यांच्या औषधोपचारात आहे.

दुसरा मुलगा नारायण राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व. याचा कान दुखणारा. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याला मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात धाडला. कानाचं काय झालं ते डॉक्टर जाणोत, पण १९०५ मध्ये याच मिरजेत तो किर्लोस्कर मंडळीच्या ‘शाकुंतल’मध्ये शकुंतला म्हणून उभा राहिला आणि त्या दिवसापासून पुढची पन्नास वर्षं मराठी माणसाच्या कानांचा तो मालक झाला. तिसरे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब. ते इथं आजारी पडले, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या कृपेनं बरे झाले आणि इथलेच होऊन राहिले, असं सांगतात. १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीकडं प्रवासात असताना त्यांचं निधन झालं, पण दफन मिरजेत, दर्ग्याच्या आवारात. त्यांना स्वतःला वाद्यदुरुस्तीचं अंग होतं. म्हणजे गवई आणि सतारमेकर यांची गाठ चहाच्या टपरीवर नव्हे, कानशीवर पडत होती. अजूनही उरुसात तिथं त्यांच्या नावानं गाण्याची बैठक बसते. त्याच उरुसात मानाचा पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो. ही गोष्ट मिरजेबाहेर फारशी कुणी सांगत नाही. सलोख्याच्या बातमीला गिऱ्हाईक कमी.

मिशन हॉस्पिटल म्हणजे डॉ. विल्यम वानलेस यांचं. जन्म कॅनडाचा, मिशन अमेरिकन, जागा संस्थानची. १८९४ मध्ये रुग्णालय सुरू झालं आणि १८९७ मध्ये त्याला जोडून वैद्यकीय शाळा. त्याआधीच, १८९१ मध्ये, कोल्हापूर-मिरज रेल्वे झालेली होती. मिरजेच्या स्टेशनात पुढं ब्रॉड, मीटर आणि बार्शी लाइटची नॅरो असे तिन्ही गेज नांदत होते. तिन्ही गेज असणं याचा रेल्वेशौकिनांना आनंद, पण प्रवाशाच्या दृष्टीनं अर्थ एकच : उतरा. उतरलं की ट्रंक सांभाळत बसायचं, खायचं, झोपायचं, पुढच्या गाडीची वाट बघायची. त्यात बरोबर पेशंट असला तर मुक्काम महिन्याचा. स्टेशन ते हॉस्पिटल या रस्त्यावर लॉज, खाणावळी, औषधांची दुकानं, फळवाले, टांगेवाले उभे राहिले ते या हिशेबानं. बेळगाव-विजापूरकडून कानडी बोलत येणारी माणसं मोठ्या संख्येनं, म्हणून पाटीवर कानडी आली. सीमाप्रश्नावर गावात कडकडीत बंद पाळायचा आणि संध्याकाळी शटर उघडून ‘ऊटा आयता?’ विचारायचं, हे मिरजेच्या दुकानदाराला बरोबर जमतं. १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं आणि पेठेच्या कडेनं डॉक्टरांच्या पाट्यांची दुसरी पेठ झाली. २०१६ च्या उन्हाळ्यात तर याच स्टेशनातून दुष्काळी लातूरला पाणी गेलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर. उपचार करायची सवय अशी जात नाही.

आता इमारतींकडं येऊ. लक्ष्मी मार्केटची संस्थानकालीन इमारत आहे, तिच्याभोवती भाजीपासून भांड्यांपर्यंत सगळा गलका आहे, आणि तिच्याशी आपलं नातं सख्ख्या आजोबांसारखं आहे : कौतुक करायचं भाषणात, आणि अंगावर वाळत घालायचे कपडे. तिच्या आसपासच्या गल्ल्यांतून मान वर करून चालावं. खाली ॲल्युमिनियमचं शटर आणि मोबाइलच्या कव्हरांच्या माळा, वर सागवानी तुळई आणि नक्षीची गॅलरी. त्या गॅलरीवर भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. नक्षी दिसत नाही, भावी नगरसेवक सगळ्यांना दिसतात. भावी ते भावीच राहतात, फ्लेक्सही तसाच राहतो.

ही गॅलरी दुरुस्त का होत नाही? मिरजच कशाला, कुठल्याही गावची जुनी पेठ घ्या, उत्तर तेच. मालकाला भाडं मिळतं आजोबांच्या काळातलं. त्यात तो कौल बदलणार की पन्हाळी? भाडेकरूनं पागडी मोजलेली असते, त्यामुळे तो हलत नाही. पण घर त्याचं नाही, म्हणून तोही खिळा ठोकत नाही. मालक इमारत पडायची वाट बघतो, कारण पडली तर भूखंड मोकळा होतो. भाडेकरू मालकाचा वारस थकायची वाट बघतो. कोर्टात तारीख या दोघांची वाट बघते. तिघांच्या मधे इमारत उभी असते, बिचारी निव्वळ सवयीनं. जून आला की पालिकेचा माणूस खळ आणि कागद घेऊन येतो आणि खांबावर नोटीस डकवतो : कलम २६४ अन्वये सदर इमारत धोकादायक असून ती तात्काळ उतरवून घ्यावी, अन्यथा होणाऱ्या जीवित व वित्तहानीस पालिका जबाबदार राहणार नाही. नोटीस लावली की वारसा वाचला. पुढच्या जूनमध्ये जुन्या नोटिशीवर नवी लागते. काही खांब आता लाकडावर कमी आणि नोटिशींवर जास्त उभे असावेत.

असं असलं तरी मिरजेला उंच, रंगीत, नक्षीदार दर्शनी भागाची हौस नाही असं कुणी म्हणू नये. गणपतीत विसर्जनाच्या मार्गावर मंडळं स्वागत कमानी उभ्या करतात. बांबू, वासे, कापड आणि रंग. मागची दुमजली इमारत झाकून टाकील अशी एकेक कमान, वर देव, मध्ये शिवराय, खाली देणगीदार. ती बघायला कर्नाटकातून लोक येतात, मिरवणूक दिवस-रात्र चालते आणि गणेश तलावाशी संपते. २००९ मध्ये अशाच एका कमानीवरच्या चित्रावरून गावात दंगल पेटली होती, तेव्हा पेठेची शटरं कितीतरी दिवस खाली होती. कमान काही दिवस टिकते, तिला वर्गणी जमते. मागची इमारत शंभर वर्षं उभी आहे, तिच्या पन्हाळीसाठी पावती फाडायला एक मंडळ पुढं येत नाही. मला मंडळांचा राग नाही. कापडाची कमान उभी करायला जी माणसं रात्रभर बांबूवर चढतात, तीच माणसं कौलावरही चढू शकतील. त्यांना कुणी सांगितलेलंच नाही, एवढीच अडचण.

मग सरकारला जाग आली. २०२४ मध्ये मिरजेची सतार आणि तंबोरा या दोघांना भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलंच झालं. सत्कार झाले, शाली आल्या. मानांकनाचा अर्थ असा की मिरजेचा तंबोरा मिरजेतच होतो, हे आता दिल्लीला पटलं. कुमार गंधर्वांना, भीमसेनजींना आणि यच्चयावत गवयांना ते कागदाशिवाय पटलेलं होतं. पण कागदानं तंबोरा विकला जात नाही. त्याला शिकणारं पोरगं लागतं, आणि शिकणाऱ्या पोराच्या खिशात आता तंबोऱ्याचं ॲप आहे. ते फुकट आहे, एसटीत मावतं, त्याचा भोपळा फुटत नाही आणि प्रवासात त्याचं वेगळं तिकीट पडत नाही. मुकाबला सोपा नाही. तलवारीचं गिऱ्हाईक गेलं तेव्हा शिकलगारानं धंदा बदलला, तसा आता सतारमेकरानं बदलावा काय, असा प्रश्न काही हुशार लोक विचारतात. तो प्रश्न सतारमेकराला विचारण्यात अर्थ नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी त्यानं आपलं काम केलेलं आहे. गिऱ्हाईक आपण आहोत, तेव्हा प्रश्न आपल्याला आहे.

आणि महापालिकेला. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मोट १९९८ मध्ये बांधली गेली, तेव्हापासून मिरजेची तक्रार सांगलीविरुद्ध असते आणि सांगलीची पुराविरुद्ध. हे चालू द्या. पण उद्या ‘हेरिटेज वॉक’ची निविदा निघालीच, तर त्यात एवढं करा : पेव्हर ब्लॉक आणि जुन्या धाटणीचे दिवे नंतर बसवा, आधी सतारमेकर गल्लीतल्या भाडेकरू कारागिराला पुढची वीस वर्षं जागेवरून कुणी उठवणार नाही असा कागद द्या. आणि लक्ष्मी मार्केटच्या आसपास कुठल्या गाळ्यात कोण, कधीपासून, काय विकत होतं, याची यादी घरपट्टीच्या रजिस्टरातून उतरवून घ्या. वाळवीचं वाचन पुरं व्हायच्या आत घ्या. याला सल्लागार कंपनी लागत नाही, चार कॉलेजची पोरं आणि एक निवृत्त कारकून पुरतो.

राहिले तुम्ही. माळ्यावर आजीचा तंबोरा गवसणीत गुंडाळून पडला असेल, तर तो दिवाणखान्यात शोभेला ठेवू नका आणि भंगारात तर मुळीच घालू नका. मिरजेला घेऊन जा. तारा नव्या मिळतात, फुटका भोपळा सांधून मिळतो, जवारी लावून मिळते.