युनिटमागे पंचेचाळीस पेन्स

"ऐकलंत का ताई, आता सुट्टीवर गेलं तरी मीटर काही पाठ सोडत नाही!"

आमच्या शेजारच्या वहिनी कुंपणाशी आल्या की बोलणं असं मधूनच सुरू होतं. आधीचं काय ते आपण जुळवून घ्यायचं. लेस्टरच्या आमच्या गल्लीत मराठी घरं दोनच, आणि मध्ये छातीइतकं उंच लाकडी कुंपण. त्यामुळे एकमेकींना फोन करायची वेळ क्वचितच येते.

वहिनींकडे कॅराव्हान आहे. गाडीमागे ओढून न्यायचं, चाकांवरचं घर. भाऊंनी निवृत्त झाल्यावर जुनीच, पण हौसेने घेतली. नवरा-बायको त्यात तांदूळ, डाळ, गोडा मसाला भरतात आणि ऊठसूट निघतात. या खेपेला लेक डिस्ट्रिक्टला जाऊन आले होते, तेही ऑक्टोबर संपता संपता. तिथे तेव्हा दिवसा पाऊस असतो आणि रात्री हाडं वाजतात.

"पोचलो, गाडी जागेवर लावली, तर वॉर्डनबाई वही घेऊन हजर. म्हणे, या, मीटरचा आकडा दोघं मिळून बघू. मी म्हटलं, बाई गं, मी इथे डोंगर बघायला आलेय!"

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. कॅराव्हान साइटवर प्रत्येक जागेजवळ गुडघ्याएवढा एक खांब असतो, त्याला निळी सॉकेटं. आपल्याकडे पंचवीस मीटरची जाड नारिंगी केबल असते. तिचं एक टोक खांबाला, दुसरं कॅराव्हानच्या कुशीत. झालं, दिवे लागले. याला इथे सगळे हुक-अप म्हणतात. पूर्वी बहुतेक ठिकाणी या विजेचे पैसे जागेच्या भाड्यातच धरलेले असायचे, नाहीतर रात्रीचे ठरावीक चार-पाच पौंड. आता कित्येक साइटवाल्यांनी खांबातच मीटर बसवलेत. जितकी जाळाल तितकी भरा.

"आणि दर काय, तर युनिटला पंचेचाळीस पेन्स! घरी आपल्याला सव्वीसला पडतं. यांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. त्या रात्रीपासून आमच्याकडे सगळ्या गोष्टींची किंमत पेन्समध्ये. भात लावला की हे म्हणणार, अकरा पेन्स. पाणी तापवलं की तेवीस पेन्स. शेवटी मी म्हटलं, मी बोलते त्याचे किती होतात तेवढं सांगा."

हिशोब मात्र भाऊंचा चोख. पाचशे वॉटचा राइस कुकर अर्धा तास चालला की पाव युनिट. कॅराव्हानमधली पाण्याची टाकी दहा लिटरची, ते गार पाणी आंघोळीजोगं करायला अर्धं युनिट. यात घाबरण्यासारखं काही नाही. जीव घेतो तो हिटर. एक किलोवॉटचा हिटर आठ तास चालला तर आठ युनिटं, म्हणजे साडेतीन पौंडांच्या वर, आणि त्यात आपण नुसते झोपलेलो.

"हिटरचं कळतं हो. पण फ्रीज! दुसऱ्या दिवशी हे कॅम्पखुर्ची घेऊन त्या खांबासमोर जाऊन बसले. येणारे-जाणारे बघताहेत, मला मेल्याहून मेल्यासारखं. काय करताय म्हटलं, तर म्हणतात, मोजतोय."

मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो. त्या साइटवर तो एका युनिटला हजार वेळा लुकलुकायचा, तसं मीटरवर छापलेलंच होतं. म्हणजे एक लुकलुक एका वॉट-तासाची. हिटर चालू असेल तर मिनिटाला सोळा-सतरा. भाऊंनी कॅराव्हानमधलं सगळं बंद केलं, फक्त फ्रीज ठेवला, आणि घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला दोन. दिसायला काहीच नाही. पण कॅराव्हानमधला फ्रीज सहसा घरच्यासारखा नसतो. त्यात कॉम्प्रेसरच नाही, म्हणून तर तो घुंऽऽऽ करत नाही. तो उष्णतेवर चालतो, गॅसवर चालवा की विजेवर. आणि विजेवर असला की जवळजवळ दिवसभर तापतच राहतो. मिनिटाला दोन लुकलुक म्हणजे दिवसाला पावणेतीन-तीन युनिटं. घरातला कपाटाएवढा फ्रीज एका युनिटाच्या आत दिवस काढतो, आणि हा एवढासा डबा त्याच्या तिप्पट खातो!

"मग? गॅसवर केलात का?"

"केला की. गॅसची बाटली आमच्याच पैशाची असते हे यांच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं."

मी हसले, पण मनातून मी मीटरच्या बाजूची. ठरावीक पैशात वीज मिळाली की माणूस कसा वागतो ते वहिनींनीच मागे सांगितलं होतं. शेजारच्या जागेवरच्या गृहस्थाने कॅराव्हानला जोडलेल्या तंबूत दोन किलोवॉटचा हिटर लावला होता आणि तंबूचा पडदा उघडा. बाहेर बसून बिअर पिताना पाठ गरम राहावी म्हणून! दुसरा एक रात्रभर गाडी चार्ज करायचा, इलेक्ट्रिक गाडी, कॅराव्हानच्या खिडकीतून वायर काढून. दहा अँपिअरच्या जोडणीवर दहा तासांत तेवीस युनिटं. घरच्या दराने धरलं तरी सहा पौंड, आणि त्याने भरलेले असतील पाच. उरलेलं कोणी भरलं? वहिनी-भाऊंसारख्यांनी. उन्हाळ्यात जे नुसता फ्रीज आणि दोन दिवे लावतात, आणि ज्यांच्या छपरावर सोलर पॅनेल असतं, त्यांनी. बऱ्याच साइटवर आता खांबावरून गाडी चार्ज करायला मनाई आहे, ते उगीच नाही.

साइटवाल्याचीही बाजू आहेच. २०२२ मध्ये विजेचे भाव असे भडकले की सरकारने मदतीचा हात देऊनही घरगुती युनिट चौतीस पेन्सला गेलं. आणि घरच्या ग्राहकाला निदान किमतीच्या कमाल मर्यादेचं छत्र असतं. साइट म्हणजे धंदा. धंद्याला ते छत्र नाही. करार संपला की नवा दर काय येईल तो सोसायचा. त्या हिवाळ्यात ज्यांचे करार संपले, त्यांना पाच पौंडांत रात्रभर हिटर पुरवणं कसं झेपणार? खांबात मीटर यायला इथूनच वेग आला.

"म्हणजे तुम्ही त्यांच्या बाजूच्या!" वहिनींनी हातातली मेथीची जुडी माझ्याकडे रोखली.

"मीटरच्या बाजूची. पंचेचाळीसच्या नाही. भाऊंनी विचारलं का, हा दर आला कुठून?"

"हे निघाले होते विचारायला. मीच थांबवलं. म्हटलं, चार दिवस आलोय, कशाला वाकडं घ्यायचं?"

इथे मात्र मला राहवेना. मी आठवड्यातून एकदा इथल्या सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्लाकेंद्रात स्वयंसेवक म्हणून बसते. सबमीटरची भांडणं तिथे नेमाने येतात, बहुतेक भाडेकरूंची. ऑफजेम, म्हणजे इथला वीज आणि गॅसचा नियामक, त्याचा याबद्दल नियम आहे आणि तो २००३ पासून लागू आहे. आपण विकत घेतलेली वीज घरगुती वापरासाठी पुढे विकायची, तर युनिटला आपल्याला जे पडलं त्याहून जास्त घ्यायचं नाही. भाडेकरू, कॅराव्हान साइटवरचे लोक, धक्क्याला बांधलेल्या बोटींवर राहणारे, सगळे त्यात येतात. स्थिर आकाराचा वाजवी वाटा लावता येतो, व्हॅट लावता येतो. पण मीटर बसवायचा खर्च, वॉर्डनचा पगार, वायरिंगची देखभाल, हे युनिटच्या दरात दडपायचं नाही. ते हवं तर जागेच्या भाड्यात उघड घ्यावं. दर कसा काढला ते ग्राहकाने विचारलं तर दाखवायला हवं, आणि जास्त घेतल्याचं निघालं तर दिवाणी न्यायालयातून परत मिळवता येतं. गंमत अशी की जागेच्या भाड्यातच वीज आली, तर हा नियम लागू नाही. मीटर लावला की साइटवाला या नियमाच्या कक्षेत येतो. तेव्हा मीटरने आपलं नुकसान केलं असं नाही, उलट विचारायचा हक्क हातात दिला.

"म्हणजे तो पंचेचाळीस घेतो ते चूक?"

"तसं मी म्हणत नाही. त्याला धंद्याचा दर लागतो, चाळीसला पडतही असेल, वर व्हॅट आणि स्थिर आकाराचा वाटा. वीजबिलाची प्रत मागायची, बस. त्यात वाकडं काय?"

वहिनी गप्प. मेथीची दोन पानं खुडली. आपण मराठी माणसं भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून अर्धा तास घालू, पण छापील पाटी दिसली की मान खाली. आकडा छापलेला आहे म्हणजे तो वरूनच ठरून आला असणार, असं आपण मानतो. साइटवाल्यांना हे चांगलं ठाऊक असतं, आणि पुण्यातल्या घरमालकांनाही.

कारण मला लगेच माझी भाची आठवली. ती पुण्यात नोकरीला आहे, एका बंगल्याच्या मागच्या खोलीत भाड्याने राहते. तीन खोल्या, तीन सबमीटर, पण महावितरणची जोडणी एकच, मालकांच्या नावाची. आता आपल्याकडे शंभर युनिटांपर्यंत एक दर, पुढे तीनशेपर्यंत दुसरा, त्यापुढे आणखी चढा. भाची एकटी महिन्याला साठ-सत्तर युनिटं जाळते. तिच्या नावाचा मीटर असता तर ती पहिल्या पायरीवरच राहिली असती. पण तिघींची आणि मालकांची मिळून बेरीज वरच्या पायरीवर जाते, आणि मालक सरसकट सगळ्यात वरच्या पायरीचा दर लावतात. पहिल्या शंभर युनिटांचा स्वस्त दर कुठे गेला? तो त्यांच्या स्वतःच्या वाट्याला. बिलावर वीज आकार, वहन आकार, स्थिर आकार असं सगळं ओळीने लिहिलेलं असतं, पण ते बिल तिने अजून पाहिलेलं नाही. इंग्लंडात निदान ही पायऱ्यांची भानगड नाही. पहिलं युनिट आणि शेवटचं युनिट एकाच भावाचं, त्यामुळे इथला हिशोब तपासायला सोपा.

"फ्रान्समध्ये बरं होतं," वहिनींनी गाडी वळवली. "तिथे मीटर नव्हता."

"तिथे काय झालं ते मला भाऊंनी सांगितलंय."

वहिनी लाजल्या. ब्रिटनीतल्या त्या साइटवर जोडणी सहा अँपिअरची होती. तिथे बऱ्याच ठिकाणी तशीच असते, जास्त हवी तर जास्त पैसे मोजायचे. सहा अँपिअर म्हणजे जेमतेम चौदाशे वॉट. वहिनींनी घरची बावीसशे वॉटची किटली नेलेली. पाणी गुणगुणायला लागलं, तेवढ्यात खट्! सगळा अंधार. बरं, खटका खांबाच्या पेटीत, पेटीला कुलूप, आणि किल्ली ऑफिसात. भाऊ लुंगीवर स्वेटर चढवून, टॉर्च घेऊन, फ्रेंच येत नसताना 'कॅफे, कॅफे' म्हणत समजावायला गेले. त्या माणसाला वाटलं यांना कॉफी हवीय. त्याने दिलीही म्हणे, चांगली कडक. भाऊ कॉफी पिऊन परत आले, वहिनी अंधारात बसलेल्या.

"तेव्हापासून प्रवासाची लहान किटली घेतली. हजार वॉटची. वेळ लागतो, पण वीज तेवढीच."

हे त्यांचं बरोबर आहे. लिटरभर पाणी उकळायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी लागतेच. लहान किटली ती सावकाश घेते, मोठी गपकन. मीटरला त्याने फरक पडत नाही, खटक्याला पडतो.

मीटर नुसता दराचाच त्रास देतो असंही नाही. वेल्समधल्या एका साइटवर त्यांना कार्डाचा मीटर भेटला. दहा पौंडांचं कार्ड घ्या, घाला, संपलं की अंधार. निघताना कार्डात तीन पौंड उरले आणि ते परत मिळत नाहीत असं कळलं. भाऊंनी मग काय केलं असेल? निघायच्या सकाळी सगळी चूल विजेवर मांडली. पाणी तापवलं, हिटर लावला, दोन्ही फोन, टॅब्लेट, दाढीचं यंत्र, सगळं चार्जिंगला. वहिनींनी भर उन्हाळ्यात खिडक्या उघड्या टाकून घाम पुसत पोहे केले. एवढं करूनही पौंडभर उरलाच. त्यापेक्षा येताना-जाताना आकडा लिहायची वही बरी. फक्त एक काळजी घ्यायची. खांबाला चार सॉकेटं आणि चार मीटर असतात, तर आपल्या सॉकेटचा मीटर कोणता ते केबल लावून, लाल दिवा बघून खात्री करायची, आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. नाहीतर शेजारच्याचा हिटर आपल्या बिलात.

"बरं ताई, एक काम होतं," वहिनी जरा जवळ आल्या. मला वाटलंच होतं, एवढा वेळ मेथी निवडतात म्हणजे काहीतरी असणार. "शनिवारी पुन्हा निघतोय, नॉरफकला. फ्रीज आदल्या दिवसापासून लावून गार करून ठेवावा लागतो ना. आमच्या बाहेरच्या सॉकेटचं काम निघालंय. तुमच्या गॅरेजपाशी आहे ते चालेल का? एक दिवसाचं तर आहे."

"तीन युनिटं," मी म्हटलं.

"तुम्हीपण!"

"सव्वीस पेन्सनी अठ्ठ्याहत्तर. जास्त घेतले तर तुम्ही मला कोर्टात खेचाल."

"मेथीचे पराठे देईन."

"मग बिल दाखवायची गरज नाही," म्हणत मी केबल कुठून आणायची ते बघायला गॅरेजकडे निघाले. मागून वहिनींचा आवाज आलाच, "आणि ताई, केबल रिळावरून पूर्ण उलगडून टाका हं, गुंडाळलेली राहिली तर तापते, यांनी दहादा बजावलंय!"