चाप जडच बरा

ठासणीच्या बंदुकीचं एक बरं असतं. ती माणसाला घाई करू देत नाही. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, तिच्यावर काथ्याचा नाहीतर कागदाचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा. प्रत्येक थर गजाने ठासायचा. शेवटी घोडा मागे ओढून नळीच्या बुडाशी तांब्याची इवलीशी केप बसवायची. एवढं होईपर्यंत ज्याच्यासाठी हा खटाटोप चाललाय ते माकड एक हापूस चाखून, तो न आवडल्याने दुसरा तोडून, शेजाऱ्याच्या हद्दीत पोचलेलं असतं. मग तो प्रश्न शेजाऱ्याचा.

बाकीच्या जगाने ही बंदूक कधीच संग्रहालयात नेऊन ठेवली. आपल्याकडे तिची सोय थेट कायद्यात आहे. बाकीच्या अटी पुऱ्या होत असतील तर पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असं १९५९ च्या शस्त्र कायद्याचं तेरावं कलम सांगतं. खाली एक पुस्तीही जोडलेली आहे. ठासणीच्या बंदुकीने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येईल. म्हणजे रानडुकराशी आधी एकोणिसाव्या शतकात लढून बघा. हरलात तर विसाव्या शतकाचा विचार करू. त्यामुळे लांजा-राजापूरपासून गुहागर-दापोलीपर्यंत आडवळणाच्या वाड्यांत ही बंदूक अजून नांदते आहे.

गंमत म्हणजे परदेशात लोक तीच बंदूक हौसेने नव्याने करवून घेतात. इटलीत ब्रेशियाजवळ त्रोंपिया नावाचं खोरं आहे; तिथे जुन्या बंदुकांच्या हुबेहूब नव्या प्रती घडवल्या जातात. अमेरिकेत अशा बंदुकांच्या शौकिनांची संघटना १९३३ पासून आहे, आणि तिचं मुख्य ठाणं ज्या गावी आहे त्या गावाचं नाव फ्रेंडशिप. आपल्याकडे एवढ्या बंदुका एका गावात जमल्या तर सगळ्यात आधी भावकीतले लोक गाव सोडतील.

या शौकिनांचं खरं दुखणं नळीत नसतं, कळीत असतं. कळ उघडली की आत एक दणकट कमान दिसते, घोड्याच्या मुळाशी एक चकती आणि चकतीच्या खाचेत रुतणारी एक खीळ. चाप ओढला की खीळ खाचेतून निसटते, कमान घोड्याला पुढे फेकते आणि घोडा केपेवर आपटतो. चकतीला खाचा दोन. पहिली खोल, ती अर्ध्या घोड्याची; तिथे खीळ असताना चाप कितीही ओढला तरी काही होता कामा नये. दुसरी उथळ, पुऱ्या घोड्याची. स्वस्तातल्या बंदुकीत ही खाच आणि खिळीचं टोक ओबडधोबड राहतं. मग चाप कुरकुरत, अडत, पुन्हा थोडा सरकत सुटतो, आणि तोवर नेम भलतीकडे गेलेला असतो.

उपाय म्हटला तर सोपा. ही दोन तोंडं बारीक दगडावर, कोन तसूभरही न बदलता, गुळगुळीत करायची. कमान कुठे पट्टीला घासते, दस्त्याचं लाकूड कुठे कळीला खेटतं, ते पाहून तिथे मोकळीक द्यायची. पण अति झालं की पोलादाची वरची कडक कातडी जाते आणि आतलं मऊ लोखंड भराभर झिजतं. खाच फार उथळ झाली, तर दस्ता जमिनीवर नुसता आपटला तरी बार उडायचा. म्हणून चांगला कारागीर घासतो कमी आणि बघत बसतो जास्त. बायकोला तो रिकामटेकडा वाटतो, ते वेगळं.

एवढं ज्ञान कमावल्यावर ते कुणाला तरी ऐकवणं भागच होतं. आमच्या काकांकडे आजोबांच्या वेळची बंदूक, परवाना रीतसर नावावर करून घेतलेली. तिचा चाप असा की एका बोटाने हलायचा नाही. काका ओटीवर सुपारी कातरत बसले होते.

“काका, हा चाप मोकळा करून घेऊ या. दुरुस्तीचा परवाना असलेला कारागीर शोधू. नुसती आतली खरखर काढायची.”

“आणि मग काय होईल?”

“नेम चुकणार नाही.”

अडकित्ता थांबला. “मेल्या, नेम लागायला हवा असं तुला सांगितलं कोणी? वानरावर नेम धरायचा आणि शनिवारी मारुतीला तेल घालायचं? आणि मारुतीने एक वेळ माफ केलं तरी वनखातं करील काय?”

मग त्यांनी मला बंदुकीचा खरा उपयोग समजावला. बार काढायचा तो हवेत. छर्रे कसले नि काय कसले, दारू आणि बोळा पुरतो. आवाज डोंगराला आपटून परत आला की वानरं समजायचं ते समजतात आणि दोन दिवस फिरकत नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनाही समजलेलं असतं की म्हातारा नुसता आवाज करतो. घरातल्या माणसांना हे समजायला एवढे दिवसही लागले नव्हते.

मला स्कॉटलंडच्या त्या पाद्रीबुवांची आठवण झाली. अलेक्झांडर जॉन फोर्सिथ त्यांचं नाव. बेलहेल्वी गावच्या चर्चचं काम सांभाळून ते पक्ष्यांची शिकार करत. त्या वेळच्या चकमकीच्या बंदुकीत आधी कानापाशी दारूचा भडका उडे आणि क्षणभराने नळीतला बार. तो भडका पाहूनच पक्षी पसार होत. वैतागून बुवांनी नुसत्या आघाताने पेटणारं रसायन वापरून कळ केली आणि १८०७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पुढे त्याच कल्पनेतून केप आली. म्हणजे पक्षी उडू नयेत म्हणून एका धर्मगुरूने जी युक्ती काढली, ती वापरून आमचे काका माकडं पळवतात. शोध लावणाऱ्याच्या हाती तेवढा शोध असतो. त्याचा उपयोग ओटीवर ठरतो.

काकांच्या बंदुकीचं खरं दुखणं चाप नव्हे, वेगळंच होतं. दारूत ७५ भाग शोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. ती जळून मागे जी काजळी उरते ती ओल धरते. त्यात कोकणचा पाऊस आणि समुद्राची खारी हवा. बार काढून बंदूक तशीच ठेवली तर गंज चढायला वेळ लागत नाही. म्हणून काका ती कढत पाण्याने धुतात, कोरडी करतात आणि शिलाई मशीनचं तेल देतात. एवढी निगा त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांची घेतली असती तर माकडांमागे धावता आलं असतं.

शिवाय निवडणुका असतातच. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे हुकूम निघतात. २०२४ साली लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, रत्नागिरी-सिंधुदुर्गात ७ मेला मतदान झालं आणि ४ जूनला निकाल. हापूसचा हंगाम याहून नेमका कुणाला सांगता येणार नाही. माकडांना आचारसंहिता लागू नसल्याने त्यांचा प्रचार विनाअडथळा चालू राहिला.

मी शेवटचं अस्त्र काढलं आणि शस्त्र कायद्याच्या त्या तेराव्या कलमाची पुस्ती काकांना वाचून दाखवली. ते खूश झाले. “म्हणजे ही बंदूक कुचकामी आहे असं साहेबाला पटलं, तर दुसरी मिळेल? आणि तू हिचा चाप लोण्यासारखा करून आणायला निघालास? साहेबाने येऊन ओढून बघितला तर म्हणेल, झकास आहे की!” वकिली पुण्यात जाऊन शिकावी लागते, हा माझा समज तेव्हा गेला.

पण गंमत सोडली तरी काकांच्या बाजूला वजन आहे. स्पर्धेत कागदी लक्ष्यावर नेम धरणाऱ्याला हलका चाप शोभतो. त्याच्यापुढे जीव नसतो, राग नसतो. सैन्यातल्या बंदुकांचे चाप मात्र मुद्दामच जड ठेवत. गर्दीत, धावपळीत, भीतीने आखडलेल्या बोटाने बार उडू नये म्हणून. जडपणा आणि खरखर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जाणकार शौकिनालाही पटतं. खरखर नेम बिघडवते. जडपणा माणसाला विचारतो, नक्की ना? काकांना मी शेवटी एवढ्यावर राजी केलं की कारागिराने आतली खरखर काढावी आणि वजनाला हात लावू नये.

हेच काम आम्हा कोकणातल्या माणसांच्या जिभेवर करून घेता आलं असतं, तर कोर्टातले बांधाचे निम्मे दावे आपोआप मिटले असते. तिची कमान दणकट, चाप भलताच हलका, आणि दारू बाराही महिने कोरडी. अडचण एकच. देवाने तिला अर्ध्या घोड्याची खाच पाडलेलीच नाही, आणि तिच्या दुरुस्तीचा परवाना असलेला कारागीर जिल्ह्यात कुणी नाही. असलाच तर तो स्वतःच्या भावाशी बोलत नसणार.