घोषणेपूर्वी सुट्ट्यांची यादी पाहावी, ही विनंती

प्रति,
मा. डोनाल्ड ट्रम्प साहेब,
राष्ट्राध्यक्ष, अमेरिका,
मु. पो. व्हाइट हाउस, वॉशिंग्टन.

विषय : आयातशुल्काच्या घोषणा मुंबई शेअर बाजाराच्या सुट्ट्या पाहून करण्याबाबत.

अर्जदार : नाशिक शहर व जिल्ह्यातील समस्त छोटा गुंतवणूकदार. जोखीम घेण्याची तयारी : बाजार वर असल्यास भरपूर.

महोदय,

सविनय अर्ज करण्यात येतो की, २ एप्रिल २०२५ रोजी आपण फलक हाती धरून भारतावर २६ टक्के शुल्क जाहीर केले, तेव्हा नाशिकमध्ये मध्यरात्र उलटून गेली होती. अर्जदार गाढ झोपला होता. आपल्या घोषणा नेमक्या अशाच वेळी होतात आणि त्यांची वसुली सकाळी सव्वानऊला होते, ही पहिली तक्रार.

पुढचे दोन दिवस अर्जदाराने ‘डिप आहे, घेऊन ठेवा’ असा सल्ला इतरांना दिला. रविवारी रामनवमी होती. काळारामाचे दर्शन झाले आणि सोमवारी, ७ एप्रिलला, सेन्सेक्स उघडताच जवळपास ३,९०० अंशांनी खाली गेला. सल्ला देणाऱ्याने दहाच्या आत सगळे विकून टाकले. ‘उरलंय ते तरी वाचलं,’ असे तो घरी म्हणाला. बाजार बंद होताना घसरण २,२२६ अंशांवर आली होती.

मंगळवारी कामदा एकादशी. नाशकात श्रीरामाचा आणि गरुडाचा रथ निघाला, सेन्सेक्सही १,०८९ अंशांनी चढला. बुधवारी आपण ९० दिवसांची स्थगिती दिलीत. इथे तोवर रात्र झाली होती, हे सांगायला नकोच. गुरुवारी आशिया-युरोपचे बाजार उसळले, तेव्हा आमचा बाजार महावीर जयंतीनिमित्त बंद. शुक्रवारी १,३१० अंशांची उडी. सोमवारी आंबेडकर जयंतीची सुट्टी. मंगळवारी, १५ एप्रिलला, आणखी १,५७७ अंश, आणि सेन्सेक्स ७६,७३४ वर बंद. आपण फलक धरलात त्या दिवशीच्या बंद आकड्याच्याही वर! अर्जदाराने ७ एप्रिलला विकलेले शेअर पुन्हा घेतले, अर्थात चढ्या भावाने. मधला फरक आपल्या खात्यावर मांडण्यात आला आहे.

अर्जदाराची बाजू मांडायची तर ३,९०० हा आकडा ऐकून त्याला २३ मार्च २०२० आठवला. टाळेबंदीच्या त्या सोमवारी सेन्सेक्स ३,९३४ अंशांनी पडला होता. पण तेव्हा ती घसरण १३ टक्क्यांची होती. ७ एप्रिलला दिवसअखेर ती तीन टक्केही भरली नाही. टक्केवारी ही गोष्ट अर्जदार मुलांच्या निकालापुरतीच पाहतो. बाजारात तो अंश मोजतो, कारण टीव्हीवर तेच मोठ्या अक्षरांत असतात.

वास्तविक शुल्क हा प्रकार नाशिकला नवा नाही. आपण तर बाहेरच्या मालावर कर लावता. आमच्या सरकारने १९ ऑगस्ट २०२३ ला आमच्याच कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले होते. जिल्ह्यातल्या बाजार समित्यांतले लिलाव बंद पडले. डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली; शुल्क ४० वरून २० वर उतरले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. एक शुल्क संपल्याचा आनंद अर्जदाराला पुरता एक दिवस मिळाला. दुसऱ्या दिवशी आपण फलक घेऊन उभे!

लासलगावचा शेतकरी अशा वेळी काय करतो, हे अर्जदाराला पाठ आहे. लाल कांदा टिकत नाही, तो मिळेल त्या भावाला द्यावा लागतो. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने थांबू शकतो. कोणता पैसा लाल आणि कोणता उन्हाळ, एवढे ठरवले की निम्मी घाई संपते. पण ज्याच्या घरची कांदाचाळ भरलेली असते, तोच मुलीच्या शिक्षणाचा पैसा दुपारच्या ऑप्शनमध्ये घालतो. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये दहापैकी नऊ व्यक्तिगत व्यवहारकर्ते तोट्यात गेल्याचे ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले, तीन आर्थिक वर्षांतला एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. यातल्या एकाही वर्षी आपण सत्तेवर परतला नव्हतात. हा मुद्दा अर्जदाराच्या बाजूने जात नसल्याने त्यावर जोर देऊ नये.

तसेच आपण भारताला जास्त शुल्क लावणारा देश म्हणता, याचा अर्जदार निषेध करतो. बहुतेक परदेशी वाइनवर २०२५ मध्ये आमच्याकडे १५० टक्के आयातशुल्क होते, हे खरे. पण त्याच्या सावलीत नाशिकची द्राक्षे होती, त्यामुळे ते शुल्क वेगळे.

एक गोष्ट मात्र अर्जदार स्वतःहून सांगणार नाही. घसरणीच्या त्याच एप्रिलमध्ये देशभरातून म्युच्युअल फंडांच्या एसआयपीत २६,६३२ कोटी रुपये जमा झाले. मार्चमध्ये २५,९२६ कोटी होते. म्हणजे चौकात ‘संपलं सगळं’ म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांचा हप्ता बँकेतून निमूटपणे कापला जात होता. काहींनी धीर धरला, काही हप्ता बंद करायला विसरले. परतावा दोघांना सारखाच. उरलेल्यांनी सराफ बाजार गाठला. २२ एप्रिलला सोने तोळ्याला लाखावर पोचले, तेव्हा गर्दी आणखी वाढली. शेअर महागला की भीती वाटते, सोने महागले की विश्वास वाढतो.

स्थगितीनंतर शुल्क वाढतच गेले आणि २७ ऑगस्ट २०२५ ला आपले ५० टक्के शुल्क लागू झाले. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती आणि बाजार पुन्हा बंद. दुसऱ्या दिवशी सेन्सेक्स ७०५ अंशांनी उतरला, एवढेच. पण तिरुपूरच्या कापड कारखान्यांत, सुरतच्या हिरे बाजारात आणि आंध्रच्या कोळंबी शेतीत हा प्रश्न अंशांचा नव्हता; तिथे तो हातातल्या ऑर्डरींचा आणि पगाराचा होता. तेव्हा फेरविचार करायचाच असेल, तर तो त्या लोकांसाठी व्हावा. अर्जदाराला पाच हजारांच्या एसआयपीसाठी आपल्याकडून कोणतीही सवलत नको. त्याने रात्री फोन बंद करून झोपावे, इतके त्याच्याच हातात आहे.

कळावे,
नाशिकच्या समस्त छोट्या गुंतवणूकदारांच्या वतीने, त्यांना न विचारता.