ओसीआयदादा

कोकणात प्रत्येक मूळ घराला एक तरी ओसीआयदादा असतो. आमचा रत्नागिरीला येतो मे महिन्यात आंब्याला, आणि रजा शिल्लक असली तर गणपतीला. बॅगा कुठेही टाकील, पण गळ्यातली चपटी पिशवी अंघोळीला जातानाही न्हाणीघरातून दिसेल अशा खुंटीला लावतो. तीत अमेरिकेचा पासपोर्ट असतो आणि अशोकस्तंभ छापलेलं ओसीआयचं, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया'चं पुस्तक. तिसरी वस्तू म्हणजे त्याचा जुना, रद्द झालेला भारतीय पासपोर्ट. कोपरा कापलेला आहे, पण शेवटच्या पानावरचा पत्ता अजून शाबूत: मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा रत्नागिरी. तो हळूच उघडून दाखवतो आणि पटकन मिटतो.

"लाइफलाँग आहे हं हे," तो काकूला दरवर्षी सांगतो. "आता कधीही येता येतं, कितीही राहता येतं. पोलिसात नोंदणी नाही, व्हिसाची मुदत नाही."

"मग राहा की," काकू म्हणते.

"सोमवारची फ्लाइट आहे."

दादा धंद्याने इंजिनिअर, पण खरा अभ्यास रहिवासाच्या नियमांचा. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांची जुनी पीआयओ कार्डं 2015 साली ओसीआयमध्ये कशी विलीन झाली, इथपासून तो सुरुवात करतो. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, हे सांगताना त्याचा स्वर जरा दुखावलेला असतो. तो इथे होता तेव्हा मतदानाच्या दिवशी मांडवीला पोहायला जात असे, हे आम्ही काढत नाही. 2021 च्या अधिसूचनेप्रमाणे ओसीआयवाल्याला पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रसार आणि गिर्यारोहण यांसाठी वेगळी परवानगी लागते. हे वाचल्यापासून तो रत्नदुर्गावर भगवतीच्या दर्शनाला निघाला की थोडा घुटमळतो. किल्ल्यापर्यंत रिक्षा जाते, म्हणजे ते गिर्यारोहण नव्हे, असं धाकट्या भावाने पटवल्यावरच चढतो.

पण रंग भरतो तो जमिनीचा विषय निघाला की. आमच्या सातबाऱ्यावर सामाईक खातेदारांची इतकी नावं आहेत की तलाठी ती वाचायला घेतो तेव्हा मध्ये पाणी पितो. त्यात दादाचं नाव वारसाने लागलंय. फेमा कायद्याप्रमाणे ओसीआयला फ्लॅट विकत घेता येतो, दुकान घेता येतं. शेतजमीन, बागायत आणि फार्महाऊस मात्र घेता येत नाही. वारसाने आली तर चालते. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच, आणि आपल्या कूळकायद्याप्रमाणे तोही शेतकरी हवा. शेजारच्यांनी गडग्यापलीकडची चार कलमं विकायला काढली तेव्हा दादाच्या खिशात डॉलर होते आणि हात बांधलेले. थोडक्यात, त्याच्या बागेत भर पडायची तर घरातलं कोणीतरी जायला लागतं. हे तो जेवताना, सगळी वयस्कर मंडळी पानावर बसलेली असताना, उदाहरणं देऊन समजावतो. गेल्या खेपेला अप्पाकाकांनी आमटी अर्धी टाकली आणि उठले.

यंदा त्याच्याकडे नवीनच काहीतरी होतं. चिरंजीवांनी न्यूजर्सीत बसून कॅरिबियन बेटांचा अभ्यास केलाय. सेंट किट्सने 1984 सालीच ही योजना काढली: सरकारने ठरवलेल्या प्रकल्पात घर घ्या, नाहीतर त्यांच्या निधीत पैसे भरा, आणि नागरिक व्हा. मग अँटिग्वा, डॉमिनिका, ग्रेनाडा, सेंट लुशिया अशी, सेंट किट्स धरून, पाच बेटं या बाजारात उतरली. एकमेकांचे भाव पाडून झाल्यावर 2024 मध्ये चार बेटांनी मिळून ठरवलं की दोन लाख डॉलरच्या खाली कोणी द्यायचं नाही. पापलेटाच्या भावावर आमच्या जेटीवर असंच एकमत होतं आणि दुपारपर्यंत टिकतं.

अँटिग्वा म्हटल्यावर ओटीवर जाग आली. आमच्या पिढीला ते बेट व्हिव रिचर्ड्सचं म्हणून ठाऊक. पुढच्या पिढीला मेहुल चोक्सींचं, त्यांनी 2017 मध्ये तिथलं नागरिकत्व घेतलं म्हणून.

"तिथे समुद्र आहे, नारळ आहेत, पाऊस आहे," दादा सांगत होता.

"मग इथे काय आहे?" काकूने विचारलं.

"तिथे घर घेतलं की पासपोर्ट देतात. इथे बापजाद्यांचं घर असून मी परदेशी."

मग कोणीतरी म्हणालं, आपल्या सरकारचीही अशी योजना असेल की. आहे, आणि दादाला ती पाठ आहे. 2016 साली निघाली. परदेशी माणसाने अठरा महिन्यांत दहा कोटी किंवा तीन वर्षांत पंचवीस कोटी गुंतवायचे, दरवर्षी निदान वीस भारतीयांना काम द्यायचं, मग दहा वर्षांचा रहिवास आणि राहायला एक घर घेण्याची मुभा. दहा कोटींवर कोणी काही बोललं नाही. रत्नागिरीत ऐन हंगामात वीस माणसं कामाला कुठून आणायची, यावर मात्र रात्री अकरापर्यंत चर्चा झाली.

कारण बागेत माणसं आहेत ती नेपाळची. आमच्या बागेचा राखणदार वर्षातले बहुतेक महिने खोपीत राहतो, वानरं हाकलतो, कोणत्या कलमाला मोहोर कधी येतो हे त्याला तोंडपाठ. त्याच्याकडे व्हिसा नाही, ओसीआय नाही, काही नाही. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे लागतच नाही. दादा बागेत शिरला तेव्हा त्याने शिट्टी वाजवून विचारलं, "कौन है?" दादाचा हात गळ्यातल्या पिशवीकडे गेलेला मी डोळ्यांनी पाहिला.

संध्याकाळी पाहुण्यांना थिबा पॅलेस दाखवायचं काम दादा स्वतःकडे घेतो, आणि सांगतोही झकास. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं, राजवाडा बांधून झाला तो 1910 साली, आणि 1916 मध्ये राजा इथेच वारला. रहिवासाचा परवाना तहहयात, फक्त परत जायची सोय नाही. "आणि मला बघ," दादा म्हणतो, "उलटंच." त्या वाक्यानंतर तो उंचावरून खाडीकडे बघत उभा राहतो. आम्ही गाडीत बसून हॉर्न देतो, कारण अंधार पडला की पटांगणात डास चावतात.

तसं त्याचं कशावाचून अडलेलं नाही. तिथे त्याला गवत कापायचं यंत्र आहे, बर्फ उपसायचं यंत्र आहे, आणि आंबा येतो तो पेटीतून मेक्सिकोचा. तरी निघायच्या आदल्या दिवशी तो माळ्यावर चढला, मंगलोरी कौलं हाताने चाचपली, वासे ठोकून पाहिले आणि खाली येऊन जाहीर केलं की पावसाआधी शाकारणी झालीच पाहिजे, सगळ्यांनी वर्गणी काढायची. आपल्या वाट्याची सही लागली तर तो तिकडून मुखत्यारपत्र अपोस्टिल करून पाठवील. शाकारणीला मुखत्यारपत्र लागत नाही. त्याला शिडी लागते.

दोहाला विमान बदलताना त्याने 'मूळ घर' ग्रुपवर विचारलं, "कौलांचं काय ठरलं?" त्यावर अकरा जणांचे अंगठे आले, एका वहिनीने हात जोडले, आणि अप्पाकाकांनी सुप्रभातचं गुलाबाचं फूल पाठवलं. वर्गणी अजून कोणाची आलेली नाही. दादाचीही नाही, त्याचं म्हणणं, परदेशातून पैसे कुठल्या खात्यात पाठवायचे याचा नियम तो आधी बघतोय.