रॉडशास्त्री

गरवायला जाणाऱ्या माणसाला सुट्टी, भरतीची वेळ आणि आमिष एवढं जुळलं की पुरतं. रॉडशास्त्र्यांचं तसं नाही. त्यांचा आधी रॉड निवडून व्हावा लागतो, आणि तो अजून व्हायचाय. रत्नागिरीत गरी-दोरीच्या दुकानातल्या बाकावर ते रोज संध्याकाळी बसलेले असतात. मालक नव्हेत, नोकरही नव्हेत. पण गिऱ्हाइकाला आधी त्यांच्यासमोर उभं राहावं लागतं.

"मासे पकडायला एक रॉड द्या," एखादा भाबडा म्हणतो.

"कुठले मासे? खडकावरून की होडीतून? होडी चालती की नांगरलेली?"

मुलीला स्थळ बघतानाही इतकी चौकशी होत नाही. गिऱ्हाईक चाचरत म्हणतं, "होडीतूनही, आणि भाट्याच्या खाडीवरही. दोन्हीला एकच चालेल ना?"

शास्त्री क्षणभर डोळे मिटतात. वेदना ओसरली की बोलतात.

"ट्रोलिंग म्हणजे चालत्या होडीमागे लूर ओढत न्यायचा. लूर म्हणजे खोटा मासा. तिथे रॉड हातात नसतो, होडीच्या कडेला होल्डरमध्ये असतो. साडेपाच-सहा फुटांचा, दणकट, जड असला तरी चालतो, फेकायचंय कुठे? पण होडी पुढे निघालेली आणि सुरमई झडप घालून वळलेली, म्हणजे हिसका दुहेरी. रॉड ताठ असला तर गरी तोंड फाडून परत येते. तो कमरेतून वाकला पाहिजे. फायबरग्लास घ्या. कास्टिंगला मात्र दिवसभर फेकायचं आणि ओढायचं. तिथे जड रॉड घेतलात तर रात्री घास तोंडापर्यंत जाणार नाही. कार्बनचा घ्या, होडीतून ७ फुटी, खडकावरून ९-१० फुटी. शेंडा तेवढा वाकावा, खालचं अंग ताठ. आणि मुठीच्या वर ग्रॅम छापलेत ते वाचा. २० ते ६० लिहिलंय, त्यावर १०० ग्रॅमचा लूर भिरकावलात तर शेंडा मोडून हातात येईल."

हे सगळं बरोबर असतं, हीच पंचाईत. चुकीचं बोलणाऱ्याला टाळता येतं.

मिरकरवाड्याचा एक तांडेल कधीमधी गऱ्या न्यायला येतो. तो हातदोरीवर सुरमई काढतो, रॉडला त्याने आयुष्यात हात लावलेला नाही. तो गेल्यावर शास्त्री हळहळतात, "त्याला नुसते मासेच हवेत हो."

सांगून भागत नाही, परीक्षा व्हावी लागते. रॉडला रील चढते, दोरीचं टोक दुकानातल्या पोऱ्याच्या हाती जातं. "सुरमई हो!" म्हटलं की पोऱ्या गल्लीतून सरळ सुसाट सुटतो आणि रील किंचाळते. "तांबोशी!" म्हटलं की मुंडी खाली घालून शेजारच्या पिंपामागे घुसतो, कारण गरी लागली की तांबोशी खडकाकडे नाहीतर कांदळवनाच्या मुळांकडे धावते. पोऱ्या आता इतका तयार झालाय की आधी विचारतो, "किती किलोची?" मोठ्या सुरमईला तो चपला काढून ठेवतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. त्या दोन महिन्यांत तर शास्त्र्यांचा सगळा समुद्र या गल्लीतच असतो.

परवा गोबऱ्याची पाळी होती. गोबरा कपारीत शिरला की हलत नाही. पोऱ्याने वळणापलीकडे जाऊन दोरी विजेच्या खांबाला बांधली आणि तो चहाला गेला. रॉडची कमान झाली. गिऱ्हाईक घड्याळ बघून निघून गेलं. शेटनी शटर निम्मं खाली ओढलं. शास्त्री घामाघूम, पण आवाज स्थिर:

"कपारीत शिरलाय. मोठा आहे. थांबा, जरा ढील देऊन बघतो."